अतिनवतारा : नेत्रिकेतून पाहावा की कॅमेऱ्याने टिपावा?

शेजारच्या दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होणारा तारा, उजळला की त्याचे चांगले दिवस मोजकेच असतात, त्यामुळे साधन आधीच ठरलेले बरे. 2023 मध्ये एम 101 या दीर्घिकेतला एसएन 2023 आयएक्सएफ हा अतिनवतारा मी आठ इंची डॉब्सोनियनमधून (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीतून) डोळ्यांनी पाहिला आणि लहान अपवर्ती दुर्बिणीला जोडलेल्या कृष्णधवल कॅमेऱ्यानेही टिपला; पुढचे मत त्या उन्हाळ्यातल्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिल्या रात्रीचा आनंद निःसंशय डॉब्सोनियनचा. कोइची इतागाकी यांनी 19 मे रोजी तो शोधल्यावर थोड्याच दिवसांत तो 11व्या प्रतीच्या आसपास पोहोचला (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). एम 101 चा पसारा इतका फिकट आहे की आकाश जरा उजळ असले तर दीर्घिका दिसतच नाही, पण तिच्यातला हा एकटा तारा, दोन कोटी वर्षांहून जुना प्रकाश घेऊन, स्पष्ट दिसतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे सुख मला मिळाले नाही. शिवाय कॅमेऱ्यासाठी दुर्बिणीच्या बैठकीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी जुळवण्यात बराच वेळ जातो.

तरीही एका गोष्टीने माझा कल बदलला. डोळ्यांनी प्रत ठरवताना शेजारच्या दोन ताऱ्यांच्या मध्ये अतिनवतारा कुठे बसतो याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि आदल्या रात्रीचा आकडा आठवत असला की नजर नकळत त्याच आकड्याकडे झुकते. ‘टाइप 2’ या प्रकारात मोडणारा हा अतिनवतारा शिखर गाठल्यावर कित्येक आठवडे अगदी सावकाश मंदावत होता. माझ्या वहीत मात्र सलग पाच रात्री 11.1 लिहिलेले सापडले, तर त्याच रात्रींच्या छायाचित्रांत उतार दिसत होता. वही झाकून, तुलनेचे तारे बदलून पाहिले, पण आकडा काही डोक्यातून गेला नाही. त्यात जवळच एनजीसी 5461 हा तेजोमेघ असल्याने त्याची प्रभाही अंदाजात मिसळत असावी.

अनुभवी निरीक्षकांना ही अडचण कदाचित इतकी जाणवत नसेल. अतिनवतारा एकदाच डोळे भरून पाहायचा असेल, तर डॉब्सोनियन पुरेशी आहे. प्रकाश-आलेख (तेज दिवसागणिक कसे बदलते याचा आलेख) काढायचा असेल, तर मी कॅमेराच घेईन, आणि त्यावर व्ही फिल्टर (डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवट-पिवळ्या प्रकाशापुरताच प्रकाश आत सोडणारी काच) अवश्य लावीन. असा तारा थंड होत लालसर होत जातो, आणि फिल्टर नसलेला कॅमेरा त्याला डोळ्यांपेक्षा अधिक तेजस्वी दाखवतो.