अर्ली डिसिजन की रेग्युलर?

भाची बारावीत आहे, अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांत अर्ज करतेय. "मामा, ब्राऊन विद्यापीठाला अर्ली डिसिजन टाकू की रेग्युलरला थांबू?" असं तिनं परवा विचारलं. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच विद्यापीठाला लवकर केलेला, बांधून घेणारा अर्ज; रेग्युलर म्हणजे नेहमीच्या मुदतीतला.

वेळेचं सोपं आहे. अर्लीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. रेग्युलरची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, आणि होकार कळवायला साधारण १ मेपर्यंत सवड.

खरी मेख पैशाची. अर्ली डिसिजन बंधनकारक असतो. निवड झाली की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. तसा करार विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक सही करून देतात. आर्थिक मदत पुरत नसेल तर सुटका होते, पण दोन विद्यापीठांचे आकडे शेजारी ठेवून बघता येत नाहीत. रेग्युलरमध्ये बघता येतात.

अर्लीत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं खरं, पण त्यात विद्यापीठाच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडूही असतात. त्या आकड्यावर भाळू नये.

निबंधालाही वेळ लागतो. भाचीच्या ६५० शब्दांच्या निबंधात आजीच्या शिलाई मशीनचा परिच्छेद सुरेख उतरलाय, शेवट मात्र अजून उपदेशाचा आहे. रेग्युलरमध्ये त्याला दोन महिने जास्त मिळतील.

एकाच विद्यापीठावर मन जडलंय, खर्चाची तजवीज झालीय आणि निबंध तयार आहे, त्यांनी अर्ली टाकावा. ज्यांचा निर्णय मदतीवर अवलंबून आहे, त्यांनी रेग्युलरच. भाचीला मी तेच सांगितलं. शिवाय हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचा लवकरचा अर्ज बंधनकारक नसतो, तोही विचारात घे म्हटलं.