पोटासाठी कॉलेज की मालिका?

ठाण्यात राहून कथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी तरी पडतोच. घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंग चालतात, आणि मराठी विभाग असलेलं कॉलेजही फार लांब नसतं. मी दोन्ही करून पाहिलंय: आधी संवादलेखन, आता कॉलेजात कथालेखन शिकवतो.

पैशात मालिका पुढे, निदान सुरुवातीला तरी. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा होऊन कायम जागा मिळाली तर गोष्ट वेगळी, पण जागा निघतात कुठे? बहुतेकांच्या नशिबी तासिका तत्त्व, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे आणि सुट्टीत खिसा रिकामा. मालिकेत एपिसोडमागे पैसे मिळतात, फक्त हातात पडायला महिने जातात. शिवाय रोज पानं द्यायची म्हटल्यावर ‘सुचत नाही’ हे लाड बंद होतात. माझे संवाद तिथेच सुधारले.

मला नकोसा झाला तो गुरुवार. त्या दिवशी टीआरपी येतो. आकडा पडला की ट्रॅक, म्हणजे चालू कथानक, बदलतो, आणि बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपलेली असेल तर उद्याच्या शूटची पानं रात्रीतून नव्याने लिहायची. आकडा चढला तरी सुटका नाही, मग तोच ट्रॅक ताणायचा. फोन बंद ठेवायची सोय नाही. दिवाळी अंकाची कथा शेवटाला आली असताना एकदा सासूला तातडीने आजारी पाडायचं फर्मान आलं. सासू आजारी पडली, कथा त्या वर्षी अंकात गेली नाही.

कॉलेजातही काही स्वर्ग नाही. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला १६ तास हे कागदावर. पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली वेगळ्याच. पण वेळापत्रक आधी हातात येतं, त्यामुळे कुठला आठवडा वाया जाणार हे ठाऊक असतं. लिहिणाऱ्याला एवढं पुरतं, असं आपलं माझं मत.

एक मात्र जपा. दिवसभर मुलांच्या कथा दुरुस्त केल्या की रात्री स्वतःच्या पानावरही लाल पेनच चालतं. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, विंदा करंदीकर इंग्रजी. ही झळ त्यांना लागली नसावी. जमलं तर लेखनाचे तास कमी आणि साहित्याचे जास्त मागून घ्या.

घराचा हप्ता डोक्यावर असेल तर थोडे दिवस मालिका करा, मी अडवणार नाही. तेवढा सेट परीक्षेचा फॉर्म भरून ठेवा.