चावा की खोकला? झॉम्बीपट आणि साथीचे सिनेमे : कोणासाठी काय

"आज रात्री काहीतरी घाबरवणारं लावू" असं ठरलं की पुढचा अर्धा तास निवडण्यात जातो. एकाला झॉम्बी हवे असतात. दुसऱ्याला ते धावणं-चावणं नको असतं, साथीवरचा एखादा खराखुरा वाटणारा सिनेमा हवा असतो. तिसरी म्हणते, साथ आपण सगळ्यांनी २०२० मध्ये घरबसल्या बघितली, आता पुन्हा कशाला? तिघांचंही बरोबर असतं, फक्त प्रत्येकाच्या डोक्यातली भीती वेगळी असते.

या सिनेमांवरची भांडणं बरीच वर्षं ऐकतोय, त्यातल्या काहींत मीही हिरिरीने भाग घेतलाय. त्यातून एवढं कळलं की "कोणता जास्त भीतिदायक?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "भीती कधी हवी?" असं विचारलं तर मिळतं. झॉम्बीपट चालू असताना घाबरवतो. दिवा लावला की निम्मी भीती ओसरते. साथीचा सिनेमा बघताना फारसं काही होत नाही, पण दुसऱ्या दिवशी लिफ्टचं बटण दाबताना बोट क्षणभर अडखळतं. खाली मुख्यतः चार सिनेमे समोरासमोर ठेवलेत आणि बाकीच्यांची जाता जाता दखल घेतली आहे. शेवट फोडलेले नाहीत.

आजोबांपासून सुरुवात करावी का?

जाणकार मंडळी नवख्याला पहिला सल्ला देतात तो जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा. कृष्णधवल, सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये केलेला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेला सिनेमा. एक शेतघर, आत अडकलेली सात माणसं, बाहेर हळूहळू वाढत जाणारी गर्दी. गंमत म्हणजे ज्याला सगळे झॉम्बीपटांचा मूळपुरुष मानतात त्यात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही. दुसरी गंमत अशी की सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं, तेव्हा पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली आणि सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणून तो आजही कायदेशीररीत्या फुकट बघता येतो, आणि म्हणूनच त्याच्या इतक्या वाईट प्रती फिरत असतात. "काहीच दिसलं नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा अशीच एखादी प्रत बघितलेली असते. दुरुस्त केलेली आवृत्ती शोधा. फरक जमीन-अस्मानाचा आहे.

आजचा प्रेक्षक यावर दोनच प्रकारे बोलतो. "संथ आहे, हसू आलं" हा एक, आणि "शेवट बघून सुन्न झालो" हा दुसरा. माझ्या अनुभवात पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांनी शेवटाआधीच सिनेमा बंद केलेला असतो. खरी भीती बाहेरच्या प्रेतांची नाहीच. तळघरात जायचं की वर थांबायचं, यावर आतली माणसं ज्या हट्टाने भांडतात ते बघवत नाही. पुढच्या पन्नास वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक झॉम्बीपटाने ते भांडण उसनं घेतलंय. तरीही पहिला सिनेमा म्हणून मी हा सुचवत नाही. दोन-तीन नवे बघून झाल्यावर याच्याकडे आलात तर "अरे, हे सगळं इथून आलं!" हा आनंद मिळतो. आधी बघितलात तर नुसता अभ्यास होतो.

पळणाऱ्यांचा वाद

डॅनी बॉइलचा ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ २००२ मध्ये आला, त्यातले चावणारे चक्क पळत सुटले आणि घरोघरी दोन पक्ष पडले. जुन्यांचं म्हणणं सरळ: मेलेला माणूस पळत नसतो. हळू येणाऱ्या झॉम्बीत एक अटळपणा असतो. तुम्ही पळू शकता, पण झोपावं तर लागणारच, आणि तो झोपत नाही. नव्यांना हे तत्त्वज्ञान मान्य असतं, पण जांभई आवरत नाही.

खरं तर या सिनेमात झॉम्बी नाहीतच. प्रयोगशाळेतल्या चिंपांझींकडून माणसात आलेला ‘रेज’ नावाचा विषाणू आहे, आणि लागण झालेली माणसं जिवंत आहेत; खायला मिळालं नाही तर ती उपासमारीने मरतात. रक्ताचा थेंब अंगात गेला की काही सेकंदांत माणूस गेला. निरोप घ्यायला वेळ नाही, जखम लपवून गटात राहण्याचं नेहमीचं नाटकही नाही. म्हणून मी याला दोन्ही घराण्यांचा जावई म्हणतो: अंगावर धावून येतो झॉम्बीपटासारखा, कारण सांगतो साथीच्या सिनेमासारखं. कोणत्या बाजूचं आवडेल हे ठाऊक नसलेल्या माणसाने सुरुवात इथून करावी.

पण दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. पहिली, चित्र. बराचसा सिनेमा साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालाय. हलके कॅमेरे पटापट लावता येत होते, म्हणूनच पहाटे लंडनची रहदारी थोडा थोडा वेळ थांबवून वेस्टमिन्स्टर पुलावरची ती प्रसिद्ध निर्मनुष्य दृश्यं टिपता आली. त्याची किंमत अशी की आजच्या मोठ्या टीव्हीवर चित्र दाणेदार आणि फिसकटलेलं दिसतं. इंटरनेटचा वेग तपासत बसू नका, ते तसंच आहे. काहींना तो गढूळपणा खटकतो. मला तर तो कोणीतरी मरताना मागे ठेवलेल्या चित्रफितीसारखा वाटतो. दुसरी, उत्तरार्ध. सैनिकांच्या छावणीत गोष्ट शिरते तिथे प्रेक्षक हमखास फाटतात. "पहिला तास अप्रतिम, मग वेगळाच सिनेमा सुरू झाला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजत नाही. मला तो भाग आवडतो, पण त्यात स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेची टांगती तलवार आहे, आणि ती झॉम्बींपेक्षा जास्त अस्वस्थ करते. सोबत कोण बसलंय ते बघून ठरवा.

रडवणारी आगगाडी

भयपट न बघणाऱ्या माणसालाही "हा एक बघच" असं बिनधास्त सांगता येतं तो म्हणजे येऑन सांग-हो यांचा २०१६ चा कोरियन ‘ट्रेन टू बुसान’. कामात बुडालेला घटस्फोटाच्या वाटेवरचा बाप, आईकडे जायचा हट्ट धरलेली लहान मुलगी, सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी, आणि दार बंद होता होता आत शिरलेली एक आजारी मुलगी. एकट्या दक्षिण कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी तो चित्रपटगृहात बघितला. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं की हा आकडा काय आहे ते कळतं.

याचं यश नियमांत आहे. इथले झॉम्बी दिसेल त्यावर तुटून पडतात, पण दार सरकवायचं कसं हे त्यांना सुचत नाही आणि अंधारात त्यांना दिसत नाही. एवढ्या दोन गोष्टींवर दिग्दर्शकाने अख्खा खेळ मांडलाय: काचेवर ओले कागद चिकटवा, बोगद्याची वाट बघा. बोगदा आला की श्वास रोखायचा हे प्रेक्षकाला कोणी सांगावं लागत नाही. मा डोंग-सोक यांचा धिप्पाड, गरोदर बायकोला जपणारा नवरा तर बहुतेकांना नायकापेक्षा जास्त लक्षात राहतो.

तक्रारी दोन प्रकारच्या येतात. एक म्हणजे शेवटी भावना फार ताणल्यात. मान्य, संगीत जरा जास्तच पाझरतं. पण ही तक्रार करणारे अर्धे लोक ती नाक शिंकरत करतात. दुसरी त्या कोट घातलेल्या स्वार्थी अधिकाऱ्याबद्दल: इतका वाईट माणूस असतो का? महामारीनंतर ही तक्रार मला कमी ऐकू येते. मूळ कोरियन आवाजात, सबटायटलसह बघा; डबिंगमध्ये त्या लहान मुलीच्या आवाजातली निम्मी जादू जाते. आवडला म्हणून लगेच २०२० चा ‘पेनिन्सुला’ लावू नका. तो त्याच जगात घडतो, पण मोटारींच्या पाठलागांचा सिनेमा आहे, आणि बहुतेकांची निराशा तिथेच होते.

जिथे कोणी चावत नाही

आता दुसरी बाजू. स्टीव्हन सोडरबर्गचा २०११ चा ‘कंटेजन’ काळ्या पडद्यावर सुरू होतो. चित्र यायच्या आधी एक खोकला ऐकू येतो. मग अक्षरं येतात: दुसरा दिवस. पहिला दिवस कुठे गेला हे कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या काही मिनिटांत विमानतळावरच्या बारमधली शेंगदाण्यांची वाटी, हातातून हातात गेलेलं कार्ड, बसमधला खांब एवढंच दिसतं. कॅमेरा त्या वस्तूंवर गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त थांबतो. बस्स, तीच भीती.

२०११ मध्ये यावरची नेहमीची प्रतिक्रिया होती "छान आहे, पण माहितीपटासारखा कोरडा". २०२० च्या सुरुवातीला नऊ वर्षं जुना हाच सिनेमा लोकांनी शोधून शोधून बघितला, आणि मत पार उलटलं: "यांना आधीच कसं कळलं?" भविष्य वगैरे काही नव्हतं. विषाणूतज्ज्ञ इयन लिपकिन सल्लागार होते, आणि सिनेमातला एमईव्ही-१ हा विषाणू १९९८-९९ मध्ये मलेशियात वटवाघळांकडून डुकरांत आणि तिथून माणसांत आलेल्या निपाहवर बेतलेला आहे. एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते हा आकडा नायिका फळ्यावर लिहून समजावते, तेव्हा २०११ च्या प्रेक्षकाला तो वर्गातला धडा वाटला होता. आता तो सगळ्यांना पाठ आहे.

चुकाही आहेत. माणूस दिवसातून दोन-तीन हजार वेळा चेहऱ्याला हात लावतो असं त्यातली डॉक्टर सांगते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण करून छापलेल्या एका अभ्यासात ही सरासरी तासाला २३ आली होती. म्हणजे जागेपणी दिवसाला साडेतीनशे-चारशे. लसही सिनेमात चार-साडेचार महिन्यांत लोकांपर्यंत पोचते, प्रत्यक्षात करोनाच्या वेळी जवळपास वर्ष लागलं. पण इंटरनेटवर रामबाण औषध विकणारा तो ब्लॉगवाला, दुकानांतली लूट, लसीसाठी वाढदिवसांची सोडत, हे बघताना आज कोणी "अतिशयोक्ती" म्हणत नाही.

कोणी टाळावा? साथीत घरातलं माणूस गेलेल्याने. हे मी सावधगिरी म्हणून लिहीत नाही, विनवणी समजा. यातल्या नवऱ्याला दवाखान्यात बायको गेल्याचं सांगतात, आणि ते त्याला ऐकूच येत नाही, "मग मी तिच्याशी बोलू शकतो का?" असं काहीसं तो विचारतो. असं ऐकून घेतलेल्या माणसाला सिनेमाची गरज नसते.

याच वाटेवरचा १९९५ चा ‘आउटब्रेक’ मात्र निखळ मसाला आहे: हेलिकॉप्टरांचा पाठलाग, बॉम्ब टाकायला निघालेलं लष्कर, डस्टिन हॉफमन, आणि आफ्रिकेतून आणल्याचं सांगितलेलं एक माकड, जे प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेतल्या जातीचं आहे. विज्ञानाचं पुस्तक मिटून बघितला तर मजा येते. त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला २०१८ च्या केरळमधल्या निपाह साथीवरचा आशिक अबू यांचा मल्याळम ‘व्हायरस’ (२०१९) आहे. पात्रांची गर्दी आहे, पहिला अर्धा तास कोण कोणाचं हेच कळत नाही, पण लागण कोणाकडून कोणाला गेली याचा माग काढणं इतकं थरारक असू शकतं हे मला तिथे कळलं. ‘कंटेजन’ आवडलेल्या प्रत्येकाला मी पुढचा हाच सांगतो.

उरलेले, पटकन

वेळ कमी आणि नुसतं किंचाळायचं असेल तर स्पॅनिश ‘रेक’ (२००७). जेमतेम ७८ मिनिटं, बार्सिलोनातली एक सीलबंद इमारत, हातातला कॅमेरा. हलत्या चित्राने मळमळणाऱ्यांनी लांब राहावं. हसायचं असेल तर ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४), किंवा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७). या दुसऱ्याची पहिली ३७ मिनिटं एका सलग दृश्याची आहेत आणि ती मुद्दाम सुमार वाटतात. तिथे उठलात तर सगळं हुकलं. मराठीतच हवा असेल तर आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (२०२२) आहे: घाबरवतो बेताचाच, पण पाण्याचा मुद्दा बरोबर पकडतो.

एकाच रात्री दोन्ही जातींचा एकेक बघायचा असेल, तर ‘कंटेजन’ आधी आणि आगगाडी नंतर ठेवा. आम्ही एकदा उलटं केलं होतं. ‘ट्रेन टू बुसान’मध्ये रडून-ओरडून सगळे मोकळे झाले, मध्ये पॉपकॉर्नचं एक मोठं भांडं भरून ठेवलं आणि दुसरा सिनेमा लावला. खोकला झाला, शेंगदाण्यांची वाटी दिसली. सिनेमा संपून दिवे लागले, तेव्हा ते भांडं काठोकाठ भरलेलंच होतं.