जमिनीवर बसून कुत्री तपासणाऱ्या डॉक्टर : चार तारे

पाचातला एक तारा का कापला ते आधीच सांगून टाकते. नकाशावर ह्या जनावरांच्या दवाखान्याची वेळ सकाळी नऊची दिसते, शटर वर जायला पावणेदहा होतात. फोन उचलत नाहीत. रविवारी बंद, रात्रीची काही सोय नाही. बसायला तीन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कुणाच्या तरी मांजराचा पिंजरा आणि समोर त्या पिंजऱ्यावर भुंकणारं पॉमेरियन. आजारी जनावर घेऊन अशा कल्लोळात बसायचं म्हणजे आपलंच डोकं उठतं. आता उरलेल्या चार ताऱ्यांचं सांगते.

मी साताऱ्यात शाहूपुरीत ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आमची कुत्री गावठी, वय तेरा, वजन सतरा किलो. पिल्लू असताना मशीनखालून बॉबिन तोंडात धरून पळाली, तेव्हापासून नावच बॉबिन. गल्ली तिला बॉबी म्हणते.

तुळशीचं लग्न होऊन चारच दिवस झाले होते. लग्नसराईचे सत्तावीस ब्लाऊज अंगावर, म्हणून मी पहाटे पाचलाच मशीनवर बसले होते. मागे धप्प आवाज झाला. वळून बघते तर बॉबिन डाव्या कुशीवर पडलेली, चारही पाय हवेत वल्हवतेय. उठायला जाते, पुन्हा डावीकडेच कोलमडते. मान डावीकडे इतकी कललेली की एक कान जवळजवळ जमिनीला टेकलेला. तोंडातून लाळ, मग पिवळी उलटी.

आणि डोळे. ते मी जन्मात विसरणार नाही. पिकोच्या मशीनची सुई कशी डावी-उजवी, डावी-उजवी मारत जाते, तशी तिची बुबुळं हलत होती. नीट बघितलं तेव्हा कळलं की दोन्हीकडचा वेग सारखा नाही. डावीकडे सावकाश घसरत जायची आणि उजवीकडे झटक्यात परत यायची. मी हाक मारली तर शेपूट हलवली, पण डोळे काही माझ्यावर ठरेनात.

आमचे हे म्हणाले, लकवा मारला. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी खायला घातलं असणार. पुण्यातल्या मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, रडू नको, आधी व्हिडिओ काढ. डोळ्यांचा जवळून काढ." तेव्हा त्याचा राग आला होता. कुत्री मरायला टेकलीय आणि ह्याला व्हिडिओ पाहिजे! पण काढला. चाळीस सेकंदांचा. पुढे तोच कामी आला.

सात वाजता जे उघडं सापडलं तिथे नेलं. तो हा दवाखाना नव्हे, आणि त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या साहेबांनी टेबलाजवळ न येताच सांगितलं, "पॅरालिसिस आहे. तेरा वर्षं झाली ना? झालं तिचं. त्रास काढण्यापेक्षा झोपवून टाका." एक इंजेक्शन दिलं, चिठ्ठीवर डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड, लिहिलं, सहाशे रुपये घेतले. स्टीलच्या टेबलावर ठेवल्याबरोबर बॉबिन इतकी घाबरली होती की तिची नखं माझ्या हातात रुतली, त्याचे वण अजून आहेत. रिक्षात बसल्यावर हे काहीच बोलेनात. रिक्षावाल्या भाऊंनीच आपणहून सांगितलं, "मावशी, अजून एका ठिकाणी दाखवून बघा की. माझ्या भावाची म्हैस तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उठवली होती." सीटवर उलटी होईल म्हणून मी चादर अंथरत होते, तर त्यांनी स्वतःचं पोतं काढून दिलं.

असे आम्ही इथे आलो, नऊला, आणि बंद शटरसमोर पाऊण तास पायरीवर बसलो.

डॉक्टर वयाने लहान आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या. मी बॉबिनला टेबलावर ठेवायला गेले तर म्हणाल्या, "नको काकू, खालीच ठेवा. तिला आत्ता सगळं गरगरतंय, उंचावर ठेवलं की वाटतं आपण पडतोय." आणि सतरंजी टाकून स्वतः तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. पाच मिनिटं हात लावला नाही. नुसत्या बघत होत्या. मला वाटलं, ह्यांना काही सुचेना की काय.

मग एकेक सुरू झालं. पुढचा पंजा उचलून उलटा टेकवला, म्हणजे बोटांची वरची बाजू जमिनीला. बॉबिनने तो लगेच सरळ केला. चारही पायांचं तसंच करून बघितलं. "हे चांगलं आहे," म्हणाल्या. "पाय कसा पडलाय हे मेंदूला कळतंय, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय." डोळ्याच्या कोपऱ्याला हलकं बोट लावलं, पापणी मिटली. तिला उताणी करून पुन्हा बुबुळं बघितली. ती आडवीच हलत होती, वर-खाली नाही, दिशाही बदलली नाही. पहाटेचा व्हिडिओ मागितला आणि तीनदा बघितला. तेव्हाही तीच दिशा. कानात दुर्बीण घालून दोन्ही पडदे तपासले. लहान मुलांचा असतो तसला पट्टा पायाला गुंडाळून रक्तदाब घेतला. रक्त काढलं.

तोवर प्रश्न चालूच. कानात काही थेंब घातले होते का? पडदा फाटलेला असताना काही औषधं आतल्या कानाला बाधतात, म्हणून विचारत होत्या. थेंब नव्हते घातले. गेल्या महिन्यात पोटासाठी काही दिलं? इथे मी गप्प झाले. दिवाळीत चकल्या खाऊन तिला जुलाब लागले होते, तेव्हा घरातली मेट्रोजिल मी दोन दिवस अर्धी-अर्धी दिली होती. सांगू की नको असं झालं, पण सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. एवढ्याने हे झालं नसावं, म्हणाल्या, पण ही गोळी प्रमाणाबाहेर गेली किंवा फार दिवस दिली तर कुत्र्याचा असाच तोल जातो. "माणसाच्या डब्यातली गोळी कुत्र्याला नाही, काकू. पॅरासिटामॉलसुद्धा नाही." पोरीएवढ्या बाईने मला रागावलं, आणि बरोबर रागावलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारं यंत्र असतं. म्हातारपणी कधीकधी एका बाजूचं यंत्र अचानक बंद पडतं. का, ते बहुतेक वेळा सापडतच नाही. मेंदूला एका कानाकडून एक आणि दुसऱ्याकडून भलतंच कळायला लागतं, त्यामुळे कुत्र्याला वाटतं की जमीनच फिरतेय. माणसाला जहाजावर होतं तसं, म्हणून उलट्या. दिसायला हुबेहूब लकवा, पण लकवा नव्हे. ह्याला व्हेस्टिब्युलर म्हणतात. "बरीच म्हातारी कुत्री लोक पहिल्याच दिवशी झोपवायला आणतात. सुधारणा दिसायला बहात्तर तास लागतात. तेवढं थांबू."

शंभर टक्के खात्री देते असं मात्र म्हणाल्या नाहीत. केसपेपरच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं की बुबुळं वर-खाली हलायला लागली, पंजा उलटा टेकवल्यावर तसाच राहिला, फिट आली, किंवा हाक मारल्यावर ओळख दाखवेनाशी झाली, तर थांबायचं नाही. मग दुखणं मेंदूत असू शकतं आणि पुढच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवावं लागेल. तो कागद मी फ्रीजवर चिकटवला. आधीच्या साहेबांची चिठ्ठी दाखवली तेव्हा मला वाटलं, आता त्या त्यांच्या नावाने बोटं मोडतील. पण डॉक्टरांनी फक्त कोणतं इंजेक्शन, किती वाजता एवढं उतरवून घेतलं आणि चिठ्ठी फाइलला लावली. ह्याला मी अर्धा तारा जास्तीचा दिला असता, पण इथे अर्धा देता येत नाही.

औषध म्हणाल तर थोडंच. उलटी थांबायचं इंजेक्शन आणि कातडीखाली सलाईन. खांद्यावर पाण्याची उशी ठेवल्यासारखा फुगा आला, संध्याकाळपर्यंत जिरला. बिल केसपेपर-तपासणी चारशे, इंजेक्शन-सलाईन साडेसहाशे, रक्त नऊशे. एकूण एकोणीसशे पन्नास, हाताने लिहिलेलं, पण एकेक ओळ वेगळी.

खरं औषध घरी होतं. उचलून घ्यायचं नाही, तिला आणखी गरगरतं. फरशीवर सतरंज्या टाकायच्या, पाय घसरता कामा नये. रात्री दिवा चालू, कारण तोल गेलेलं जनावर डोळ्यांच्या आधाराने स्वतःला सावरतं. पाणी आपण वाटी धरून, मान सरळ करून पाजायचं. शू-शीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्यायचा. टॉवेल सारखा गोळा व्हायचा, मग मी परकराच्या जाड कापडाचा दुहेरी पट्टा शिवला, आत अस्तर, दोन्ही टोकांना नाडीऐवजी हाताला धरायला रुंद मुठी. दोन रात्री मी मशीनशेजारी तिच्याजवळच झोपले. ब्लाऊज राहिले ते राहिले; एका नवरीच्या आईचे बोल खाल्ले.

दुसऱ्या दिवशी काहीच फरक नाही. मुलाने कुठेतरी वाचून ब्रेन ट्यूमरचं काढलं, त्याला मी फोन ठेवायला सांगितलं. पण त्या रात्री मलाही वाटलं की सात वाजताचे साहेबच खरे असावेत. न राहवून दवाखान्यात फोन लावला. उचलला नाही. (म्हणूनच तारा कापला, विसरले नाहीये मी.) पण रात्री साडेनऊला डॉक्टरांचाच उलटा फोन आला, "पंजा सरळ करतेय का?" करत होती. "मग उद्या संध्याकाळपर्यंत बघा."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काजं करत होते. बॉबिनकडे बघितलं तर बुबुळं जागच्या जागी. ती माझ्याकडेच बघत होती. चौथ्या दिवशी उभी राहिली, डावीकडे गोल गोल फिरली आणि कापडाच्या ढिगात बसली. नवव्या दिवशी फाटकापर्यंत गेली, दारू प्यायल्यासारखी, पण स्वतःच्या पायांनी. आता तीन आठवडे झाले. जेवते, भुंकते, दूधवाल्यावर पहिल्यासारखीच गुरगुरते. मान मात्र थोडी कललेलीच आहे. ती तशीच राहील कदाचित, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की ती जणू काहीतरी विचारतेय असं वाटतं.

फेरतपासणीचे दोनशे घेतले. तेव्हा डॉक्टरांनी माझा पट्टा उलटसुलट करून बघितला आणि दवाखान्यासाठी तसे तीन शिवून मागितले, एक लहान कुत्र्याच्या मापाचा. पैसे घेणार नव्हते, तर म्हणाल्या, "मी तपासणी फुकट केली का?" दीडशेला एक ठरला. जाणार असाल तर साडेनऊच्या आधी जाऊ नका, आणि मांजरवाले असाल तर पिंजऱ्यावर फडकं टाकून न्या.