एसटी२५डीव्ही०४के: बॅटरीविना चालणाऱ्या पॅचसाठी ही चिप घ्यावी का?

फोन टेकवला की जागा होणारा, एरवी निपचित पडून राहणारा तापमानाचा पॅच बनवायचा असेल, तर एसटीमायक्रोची ही एनएफसी (अगदी जवळून चालणारा रेडिओ संवाद) चिप कामाची आहे. फोनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ क्षेत्रातून ती स्वतःपुरती वीज घेतेच, शिवाय व्ही-ईएच पिनवर थोडी बाहेरही देते. थोडी म्हणजे काही मिलिवॅट. टीएमपी११७सारखा तापमानाचा सेन्सर त्यावर आरामात चालतो. वाय-फायचं मात्र नावही काढू नये.

नवी चिप जोडली की बहुतेकांना व्ही-ईएचवर काहीच मिळत नाही आणि चिप खराब निघाली असं वाटतं. वीज कधी द्यायची ते ठरवणारं ईएच-मोड रजिस्टर फॅक्टरीतून ०१ असतं, म्हणजे मागितल्याशिवाय वीज नाही. मागायचं ते फोनच्या अ‍ॅपने खास आज्ञा देऊन, नाहीतर मायक्रोकंट्रोलरने (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या संगणक-चिपने), आणि तो तर याच विजेवर चालणार! म्हणून आधी चिपला बाहेरून ३.३ व्होल्ट द्यावेत. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून ५७ हेक्स पत्त्यावर, ०९०० या जागी १७ बाइट पाठवावेत: पासवर्डचे ८ (सुरुवातीला सगळी शून्यं), मग ०९, मग तेच ८ पुन्हा. त्यानंतर त्याच पत्त्यावर ०००२ या जागी ०० लिहावं, म्हणजे न मागता वीज मिळते. हे एकदाच करायचं काम आहे.

व्ही-ईएचचा व्होल्टेज रेग्युलेट केलेला नाही, फोन हलला की तोही हलतो. १.८ व्होल्टचा कमी करंट खाणारा एलडीओ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) लागतोच. कॅपॅसिटर मोठा घेण्याचा मोह टाळावा. तो भरताना क्षेत्रावर इतका भार येतो की फोनला टॅगच दिसेनासा होतो. वीज देत असताना आरएफ (रेडिओ) संवादाची हमी कंपनीही देत नाही. तेव्हा मोजावं, चिपमध्ये लिहावं आणि फोन वाचत असताना मायक्रोकंट्रोलरला झोपवावं.

खरी कसोटी अँटेनाची. चिपमध्ये २८.५ पिकोफॅरॅडचा कॅपॅसिटर आहे, म्हणजे अँटेनाची कॉइल साधारण ४.८ मायक्रोहेन्रीची हवी. टेबलावर झकास चालणारी कॉइल मनगटावर गेली की रेझोनन्स (कॉइल जिथे जुळते ती वारंवारता) खाली सरकतो, म्हणून ट्यूनिंग त्वचेवर ठेवूनच करावं. मागे धातू असेल तर फेराइट शीट लागते, पण तिने कॉइलचा इंडक्टन्स वाढतो आणि रेझोनन्स आणखी सरकतो. शीट शेवटी चिकटवायची आणि वेढे तेवढेच ठेवायचे, हे चालत नाही.

आय-टू-सीवर ही चिप नेहमी स्लेव्हच (विचारल्यावर उत्तर देणारी) असते, सेन्सर स्वतः वाचू शकत नाही. एकच सेन्सर असेल तर एनएक्सपीची एनटीपी५३३२ सरस: ती मास्टर होते (सेन्सरला स्वतः विचारते) आणि १.८, २.४ किंवा ३ व्होल्ट रेग्युलेट करून देते. मोजमापावर गणित करायचं असेल, तर मायक्रोकंट्रोलर लागणारच. मग एसटीची चिप घ्यायला हरकत नाही.

आयफोनचं वाचन-सत्र ६० सेकंदांत संपतं, त्यामुळे सततच्या नोंदींसाठी फोन हा वीजस्रोत धरूच नये. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये नवजात बाळांसाठी बॅटरीविना सेन्सर केले, तेव्हा वीज देणारा अँटेना गादीखाली ठेवला होता.