उद्यमबागेत दुरुस्त झालेला आउटबोर्डचा पॉवर टिल्ट

हिडकल जलाशयावरील आमच्या बोटीचे आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेले) इंजिन बटण दाबताच पॉवर टिल्टने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने, वर उचलले जाई, पण तासाभरात आपोआप खाली येऊन त्याचा पंखा काठच्या चिखलात रुते. एका मेकॅनिकने तपासणी न करताच पॉवर टिल्टचे संपूर्ण युनिट बदलण्यास सांगितले होते. बेळगावच्या उद्यमबागेतील हायड्रॉलिक दुरुस्तीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मात्र कारागिरांनी प्रथम त्यातले तेल काढून दाखवले; ते दुधासारखे पांढुरके झाले होते, म्हणजे आत पाणी शिरले होते. पॉवर टिल्टची मोटर वर-खाली दोन्ही बाजूंना नीट फिरत असल्याने रिले (मोटरचा वीजप्रवाह जोडणारे स्विच) आणि वायरिंग त्यांनी लगेच बाजूला ठेवले व सिलिंडर उघडला. त्याच्या रॉडवर नख अडकेल असा ओरखडा नव्हता, ही आमच्या दृष्टीने मोठीच दिलासादायक बाब. दोष झिजलेल्या सीलमध्ये आणि हाताने इंजिन खाली सोडण्याच्या व्हॉल्व्हच्या चपट्या झालेल्या ओ-रिंगमध्ये (गळती रोखणाऱ्या रबरी कडीमध्ये) होता. नवे तेल भरून, आतली हवा निघेपर्यंत त्यांनी इंजिन अनेकदा वर-खाली केले आणि ते पूर्ण वर असतानाच तेलाची पातळी पुन्हा तपासली. कामाला तीन दिवस लागले, त्यातला एक केवळ योग्य मापाचे सील शोधण्यात गेला. रात्रभर वर ठेवलेले इंजिन सकाळी तसूभरही खाली आलेले नव्हते.