घरपोच मतदान: आईच्या खोलीबाहेरून

पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या मतदारांना घरून मत देण्याची जी सोय निवडणूक आयोगाने 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिली, तिचा लाभ आमच्या आईने गोव्यातल्या डिचोलीच्या घरी घेतला. त्याच सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

ठरलेल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक वेळेवर आले. वागणूक सौजन्याची होती. आईची नजर अधू असल्याने मी मदतीला पुढे सरसावलो; तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रथम तिलाच विचारले, "आजी, खूण तुम्ही स्वतः करू शकाल ना?" ती हो म्हणताच मला खोलीबाहेर पाठवण्यात आले आणि कॅमेराही मतपत्रिकेपासून दूर फिरवला गेला. मला क्षणभर राग आला, पण या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आईने फुलाला (विलीनीकरणाला) मत दिले की दोन पानांना (वेगळे राहण्याला), हे बाबांनाही कधी कळले नव्हते. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले तेव्हा आमच्या मराठीवादी घरात सगळे खिन्न होते, ती मात्र गप्प होती.

त्रुटी अर्जाच्या टप्प्यावर आढळली. घरून मत देण्यासाठीचा बारा-डी अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे अर्ज आणून देणाऱ्याने आम्हाला सांगितलेच नाही. आईला खरे तर शाळेतल्या केंद्रावरच जायचे होते, तिथे जुन्या ओळखीच्या बायका भेटतात म्हणून.

धाकटा भाऊ मत देत नाही. एका मताने काय फरक पडतो, आणि 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली तरी निकाल बदलत नाही, मग कर्तव्य कसले, असे तो विचारतो. सक्ती नसावी एवढ्यापुरते मी त्याच्याशी सहमत आहे. विधी आयोगानेही 2015 च्या 255 व्या अहवालात सक्तीची शिफारस केली नाही, आणि संविधानाच्या मूलभूत कर्तव्यांतही मतदान नाही. तरीही ज्या निर्णयांचे परिणाम आपण सारे भोगतो, त्यांतला आपला वाटा शेजाऱ्यांवर टाकून मोकळे होणे मला नीतीला धरून वाटत नाही. मात्र हे कर्तव्य स्वतःच्या विवेकाने पार पाडायचे आहे. नातवाने बोट धरून "इथे खूण कर" म्हणायचे असेल, तर त्या घरात पथक न आलेलेच बरे.

पाचपैकी चार गुण. अर्ज भरण्याआधी, केंद्रावर जायचे की घरून मत द्यायचे, हे म्हाताऱ्या माणसालाच विचारा. आम्ही विचारले नव्हते. पथक गेल्यावर मी आईला हळूच "कोणाला दिलेस?" म्हटले, तर तिने उकडे तांदूळ संपत आल्याचे सांगितले.